बंद माडी उघडताना : प्रकल्प नोंदी

५ नोव्हेंबर

जैतापूर खाडीच्या बाजूचं गाव. घर जांभ्याचं. पडवी, ओटी, माजघर, देवघर, मागची पडवी, विहीर. ओटीच्या कोपऱ्यातून अंधारा जिना माडीवर जातो. खाली काकू एकट्या राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. मुंबईच्या पुतण्यांनी मला काम दिलंय ते माडीवरच्या दिवाणखान्याचं आणि त्यातल्या सामानाचं. पहिल्या फोनवर त्यांचा शब्द होता "चकाचक". मी करारात "वापरण्याजोगं" असं लिहून घेतलं. काम संपेपर्यंत या एका शब्दावरून बोलाचाली होणार, हे आजच दिसतंय.

माडी बावीस वर्षं बंद. काका गेले, माणसं पांगली, काकूंच्या गुडघ्यांना जिना झेपेना, आणि एका गणपतीनंतर कुलूप लागलं ते लागलंच. आज तेल सोडून ते उघडलं. आत शिरताच कुबट वास, ओल्या रद्दीचा असतो तसा. आर्द्रतामापक खाली ओटीवर ६६ टक्के दाखवत होता, माडीवर ८३. पाऊस जाऊन तीन आठवडे झाले तरी दिवाणखान्यात अजून आषाढच चाललाय.

सामान पुष्कळ आहे. भिंतीएवढा आरसा, काचेचं झुंबर, दोन हंड्या, बारा शिसवी खुर्च्या, दोन लांब हातांच्या आरामखुर्च्या, रविवर्मा प्रेसची चार चित्रं, लिहिण्याचं टेबल. वर सागवानी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत, खांबांवर मोर कोरलेले हस्त, म्हणजे तुळईचे टेकू. आणि तक्तपोशी, खांब, हस्त, खिडक्या या सगळ्यांवर समुद्री हिरवा ऑइलपेंट.

टेबलाचा मधला खण उघडत नाही. कुलूप लागलेलं नाही, किल्ली फिरते, पण खण हलत नाही. पुतण्यांपैकी धाकटे सोबत होते. म्हणाले, पटाशी घालून उचकटूया, आत काही असेल. मी नको म्हटलं. खणाची दर्शनी फळी १८ सेंटिमीटर उंच आहे आणि फटीत पोस्टकार्डसुद्धा जात नाही. लाकूड फुगलंय. माप वहीत लिहून ठेवलं.

७ नोव्हेंबर

आधी छप्पर. वरून थेंब पडत असताना खाली खुर्चीला पॉलिश करणं म्हणजे पैसे पाण्यात. तौक्ते वादळात (मे २०२१) पश्चिमेची कौलं सरकली होती, त्यावर निळं प्लास्टिक टाकून ठेवलेलं. प्लास्टिकखालचे तीन वासे मऊ झालेत. प्लास्टिक नव्हतं तिथले ठणठणीत. मेस्त्रींनी टाचणीने दाबून दाखवलं.

कौलांच्या पोटावर बासेल मिशन, मंगलोर आणि १८६५ असा ठसा आहे. पुतण्यांनी हर्षाने फोटो काढून सगळ्यांना पाठवला की घर १८६५ सालचं. तसं नाही. १८६५ हे मंगलोरचा कारखाना सुरू झाल्याचं साल. पुढे अनेक वर्षं निघालेल्या कौलांवर तेच छापलेलं असे. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले आणि नाव बदललं. तेव्हा जुन्या नावाचं कौल एवढंच सांगतं की ते साधारण त्या युद्धाच्या आधी भाजलंय. एकाच छपरात चार कारखान्यांची कौलं सापडली. दरवर्षी मे महिन्यात फुटकी काढून मिळतील ती बसवत गेले, त्यामुळे छपरावरून घराचं वय ठरवायचंच नाही.

नव्या वाशांच्या टोकांना मेस्त्री काजूच्या टरफलाचं तेल लावतायत. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. हातमोजे घाला म्हणून तीनदा सांगितलं. कातडीवर पडलं तर फोड येतात.

१० ते १८ नोव्हेंबर, मध्ये दिवाळी

खिडक्या. सहा खिडक्या, प्रत्येकीला दोन झडपांची पाखं, एकेका पाखात चोवीस पट्ट्या. मधली उभी काठी खालीवर केली की सगळ्या पट्ट्या एकदम कलतात: पावसाचं पाणी बाहेर राहतं, वारा आत येतो. ऑइलपेंटने या २८८ पट्ट्या एकमेकींना चिकटवून टाकल्यात. एकही हलत नव्हती. काकू म्हणाल्या, रंग दिला त्या साली घरात लग्न होतं आणि हिरवा रंग नवा निघाला होता. त्यानंतर झडपा कधी उघडल्या ते आठवत नाही.

पातळ पातीच्या सुरीने प्रत्येक पट्टीवरची रंगाची चामडी कापली. दिवसाला तीस-पस्तीस होतात. नवव्या दिवशी शेवटची काठी हलली तेव्हा खाडीचा वारा सरळ दिवाणखान्यातून मागच्या खिडकीला गेला. आज माडीवर ७१. भिंतीला, लाकडाला, कशालाच अजून हात लावलेला नाही.

काकूंना एक तक्ता करून दिलाय: सकाळी नऊला पश्चिमेच्या झडपा उघडायच्या, दुपारी समुद्रावरचा वारा जोरात आला की अर्ध्या, दिवे लागणीला बंद. वर चढायला शेजारची मुलगी येते. काकूंनी तक्ता वाचला आणि म्हणाल्या, "अगो, हे आम्ही करायचोच की. सासूबाई तर सांजवातीआधी प्रत्येक खिडकी हाताने तपासायच्या." तक्ता मी फाडला नाही, पण त्यावर माझं नाव घालायची गरज नाही एवढं कळलं.

२४ नोव्हेंबर

आरसा. या कामातली सगळ्यात नाजूक वस्तू हीच, त्यामुळे आज दुसरं काही केलं नाही.

चौकट शिसवी, माथ्यावर द्राक्षवेल. काचेचा उजेड चांदीच्या आरशासारखा पांढरा नाही, किंचित करडा आणि खोल. खालच्या कडेला ढगासारखे डाग. टॉर्च तिरका धरून चौकटीची खालची खाच पाहिली, तर तिथे मोहरीएवढे चमकणारे थेंब. पाच-सहा. बोटाने हलवून बघायचा मोह कुणालाही होईल. तो पारा आहे.

जुने आरसे असेच करत. सपाट टेबलावर कथलाचा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच सरकवायची आणि वजनं ठेवून दिवसचे दिवस दाबून ठेवायची. जादा पारा निथळला की कथील-पाऱ्याचा थर काचेला धरतो. १८३५ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिख यांनी काचेवर चांदी बसवायची पद्धत शोधली, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीने पाऱ्याला हटवलं. जुना थर पुढे कधीच पूर्ण स्वस्थ होत नाही: वर्षानुवर्षं पारा सुटून खाली उतरत राहतो. म्हणून असा आरसा आडवा करायचा नाही, उलटा करायचा नाही, होता तसाच उभा ठेवायचा.

सगळ्यांना अंगठ्या, बांगड्या काढून खाली जायला सांगितलं. सोन्याला पारा लागला तर सोनं पांढरं पडतं. आणि त्याची वाफ श्वासातून जाते, ती जास्त वाईट. केरसुणी नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नाही, दोन्हींनी पारा बारीक होऊन खोलीभर होतो. खिडक्या सताड उघड्या, हातमोजे, पाऱ्याच्या वाफेला चालणारा मुखवटा, ड्रॉपर. थेंब घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, बरणीवर चिठ्ठी. ती धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे जाईल.

मग मागची बाजू. मूळ आरसा वर दोन पितळी आकड्यांवर टांगलेला होता, माथा भिंतीपासून चार बोटं पुढे कललेला. आकडे अजून भिंतीत आहेत. कधीतरी कुणीतरी तो "सरळ" केला: मागे प्लायवूड ठोकलं आणि स्क्रूने भिंतीला सपाट आवळलं. त्याच भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा. पश्चिमेचा पाऊस जांभ्यात शिरतो, आत येऊन सुकायचा तर सिमेंट आडवं, मग जिथे फट मिळेल तिथून तो आरशाच्या पाठीत. ढगासारखे डाग सगळे त्याच बाजूला आहेत.

चौघांनी उभाच्या उभा काढला, प्लायवूड सोडवलं, आतल्या भिंतीच्या लाकडी घोडीवर टेकवून ठेवला. पुतण्यांनी विचारलं, नवीन मुलामा करून मिळेल का? मिळेल. मग तो जुना आरसा राहणार नाही, जुन्या चौकटीत नवी काच राहील. डाग राहू देत, असं लेखी कळवलंय.

३ डिसेंबर

खुर्च्या. मुंबईच्या शिसवी कोरीवकामाला एकोणिसाव्या शतकात मोठं नाव होतं, आणि किनाऱ्यावर रस्ते नव्हते तेव्हा असलं सामान बोटीने यायचं. काकूंच्या सासऱ्यांच्या तोंडी गोष्ट अशी की खुर्च्या मुसाकाजी बंदरावर उतरल्या आणि पडावातून खाडीने वर आल्या.

बारापैकी सात खुर्च्यांच्या बैठकीचा वेत काढून त्या जागी प्लायवूड, फोम आणि तपकिरी रेक्झिन ठोकलंय. पाचांचा वेत जुनाच, तुटका. रेक्झिन उचकटल्यावर फोमचा ओला भुसा हातात आला आणि खालच्या शिसवी कडेला किडीची भोकं. वेताच्या पाच खुर्च्यांना कीड नाही. एकाही खुर्चीला नाही. मेस्त्री आणि मी एकमेकांकडे पाहिलं. वेताची जाळी उगाच निवडलेली नसते या हवेत.

कीड जिवंत आहे का ते कळायला प्रत्येक खुर्चीखाली काळा कागद अंथरलाय, तारीख घालून. ताजा भुसा फिकट पिवळा असतो, काळ्यावर लगेच दिसतो.

आजची सगळ्यात चांगली गोष्ट मेस्त्रींनी दाखवली. खुर्च्या उलट्या केल्यावर सांध्यांच्या आत, दिसणार नाही अशा जागी, पटाशीच्या रेघा. एका खुर्चीच्या चारी पायांना तीन-तीन, दुसरीच्या पायांना चार-चार. बनवणाऱ्याने सुटे भाग अदलाबदल होऊ नयेत म्हणून घातलेल्या खुणा. नववी खुर्ची नेहमी डुगडुगते म्हणून काकू तिला "लंगडी" म्हणायच्या. तिच्या एका पायावर सात रेघा निघाल्या. सातवीचा पाय नववीला आणि नववीचा सातवीला, कधीतरीच्या दुरुस्तीत. मेस्त्रींनी सरस गरम करून सैल केला, पाय बदलले, आणि दोन्ही खुर्च्या फरशीवर चारी पायांनी उभ्या राहिल्या. लाकडाचा एक कणही कापावा लागला नाही.

११ डिसेंबर

काळे कागद तपासले. तीन खुर्च्यांखाली भुसा. बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण सिरिंजने प्रत्येक भोकात. मोजली: २१४ भोकं.

९ जानेवारी

आज माझ्या हातून नुकसान झालं.

हस्तांवरचा ऑइलपेंट काढताना गरम हवेची बंदूक वापरत होते. सपाट फळीवर ती छान चालते, रंग फुगतो आणि पात्याने सोलून निघतो. दुसऱ्या खांबाच्या मोराच्या मानेवर दोन सेकंद जास्त राहिली. खालचं सागवान करपलं, नखाएवढा काळा डाग, आणि मानेवरच्या पिसांच्या तीन बारीक रेघा बोथट झाल्या. त्या रेघा कोरणाऱ्याने पुसट कमानीत एकापाठोपाठ एक उतरवल्या होत्या, अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने. परत कोरता येतील, पण त्या माझ्या रेघा होतील. कोरायच्या नाहीत असं ठरवलं. काकूंना आणि पुतण्यांना फोटोसह कळवलं.

दुसरीही चूक त्याच बंदुकीची: जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि उष्णतेने त्याची वाफ होते. चाचणीची कांडी आधी घासायला हवी होती, ती आज संध्याकाळी घासली. लाल झाली. म्हणजे शिसं आहे. उद्यापासून कोरीवकामावर बंदूक बंद. लेप लावून, ओला ठेवून, बांबूच्या काडीने खरवडायचं. कोरडं घासकाम सपाट फळ्यांवरही नाही. खरवड ओल्या फडक्यात गोळा करून वेगळ्या पिशवीत. वेग तिपटीने कमी होईल. पुतण्यांना नवं वेळापत्रक पाठवलं.

२२ जानेवारी

रत्नागिरी. झडपांच्या वर अर्धचंद्राकृती चौकटीत रंगीत काचा आहेत, त्यातल्या नऊ फुटल्यात. चौकटीची रचना नीट समजावी म्हणून थिबा राजवाडा पुन्हा पाहिला. ब्रह्मदेशाच्या राजा थिबाला १८८५ साली इंग्रजांनी पदच्युत केलं, १८८६ पासून तो रत्नागिरीत स्थानबद्ध होता. हा राजवाडा झाला १९१० साली, आणि १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. उतरती छपरं, जांभा, लाकडी नक्षीचे अर्धगोल आणि त्यात रंगीत काचा.

मी काचांपेक्षा खाचा बघत होते. आमच्या घरी आधीच्या कुणी दोन काचा सिलिकॉनने डकवल्यात, त्याखाली पाणी साचून लाकूड काळं पडलंय. मूळ पद्धतीत काच लाकडी पट्टीने सैल धरलेली असते, आत शिरलेलं पाणी खाली निघून जातं. घरच्या काचा तशाच बसवायच्या. लाल आणि निळी मिळेल. जुन्या पिवळीची छटा मिळणार नाही, तिथे साधी पांढरी घालणार. जवळची पिवळी घालून फसवण्यापेक्षा ते बरं.

६ फेब्रुवारी

माडीवर ५४. सकाळी अकरा वाजता टेबलाचा खण उघडला.

कुणी काही केलं नाही. मुलगी झडपा उघडायला आली होती, टेबल पुसताना तिने सवयीने कडी ओढली आणि खण निम्मा बाहेर आला. ती घाबरून खाली पळाली. मी फळीचं माप घेतलं: नोव्हेंबरापेक्षा दोन मिलिमीटरने कमी. पटाशी घातली असती तर दर्शनी फळीवरची पितळी नक्षी आणि वरची पट्टी दोन्ही गेली असती.

काकूंना हाताला धरून वर आणलं. माडीवर त्या किती वर्षांनी येत होत्या ते त्यांनीच मोजलं: बावीस.

खणात वर्तमानपत्राच्या पुड्या होत्या. अकरा. प्रत्येकीत एक लोलक. झुंबराच्या चौदा जागा रिकाम्या होत्या. मी त्यांसाठी फिरोझाबादच्या काचेची चौकशी सुरू केली होती. काकूंनी एक पुडी उलगडली, लोलक पदराने पुसला, उजेडात धरला आणि खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्यांनी ठेवले. एकेक पडायचा रात्री, टिंग आवाज यायचा. सकाळी उठून शोधायचे, फुटला नसला तर गुंडाळून ठेवायचे. मी म्हणायची, कशाला? म्हणायचे, कुणीतरी लावील."

१८ फेब्रुवारी

लोलक पडत का होते ते कळलं. मूळचे आकडे पितळी तारेचे. मधे कधीतरी डागडुजी करताना लोखंडी तार वापरली गेली, आणि खाऱ्या हवेत लोखंड किती टिकणार? तुटलेले सगळे आकडे लोखंडी आहेत. आता सगळीकडे पितळी तार, नव्याने पीळ देऊन. काच साध्या कोमट पाण्याने आणि मऊ सुती कापडाने, एकेक सुटी करून; टांगलेल्या झुंबरावर फवारा मारायचा नाही, पाणी नळ्यांतून आत उतरून सांध्यांत बसतं. मधला लोखंडी दांडा तपासला, छताचा आकडा तुळईत आरपार आहे, वजन पेलतो. विजेची वायर त्यातून ओढायला मी नकार दिला. मूळ झुंबर मेणबत्त्यांचं आहे. दिवे भिंतीवर लावू.

तीन जागा रिकाम्या ठेवल्यात.

४ मार्च

चित्रं. रविवर्मा प्रेस १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला. खालच्या कडेला कार्ला-लोणावळा अशी अक्षरं दोन चित्रांवर वाचता येतात. रंगागणिक वेगळा दगड, एकावर एक छाप, वरून वार्निश, म्हणून तैलचित्राचा भास. लक्ष्मीच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या शिवल्यात, घरातल्याच कुणा बाईने. टाके पाठीमागून दिसतात: बारीक, एकसारखे, फक्त पदराच्या शेवटी घाई झालेली.

सरस्वतीच्या चित्राची काच कागदाला चिकटलीय. काच थेट चित्रावर टेकवली की आतली वाफ तिथेच धरते. ओढलं तर चेहरा काचेबरोबर येईल. हे माझं काम नाही. कागदाच्या तज्ज्ञांकडे मुंबईला पाठवतेय. बाकी तिघींना काच आणि कागदाच्या मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट, मागची लाकडी फळी बदलून त्याच पुठ्ठ्याची पाठ, आणि टांगताना खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, म्हणजे भिंत आणि चित्रात बोटभर अंतर राहील.

२८ मार्च

शिमगा आटोपला. माणसं परत कामावर.

चपडा लाखेचं पॉलिश खुर्च्यांना आताच उरकायचं. हवा दमट झाली की स्पिरिट उडताना लाखेत ओल पकडली जाते आणि पॉलिश पांढरं पडतं. कापसाच्या बोळ्याभोवती सुती चिंधी, थेंबभर तेल, आठच्या आकड्यात हात. एका खुर्चीला सात पातळ हात. खुर्चीच्या हातांची टोकं तळव्यांनी गुळगुळीत झालीत, तिथे कोरीव पान जवळजवळ पुसलंय. ते तसंच ठेवून वरून लाख.

वेत विणायला राजापूरहून आजोबा येतात. वेत अर्धा तास पाण्यात, मग उभे पदर, आडवे पदर, पुन्हा उभे, पुन्हा आडवे, शेवटी दोन तिरपे. सहा फेऱ्यांनंतर भोकं अष्टकोनी दिसतात. एका बैठकीला दोन दिवस. त्यांना घाई केलेली चालत नाही आणि मी करतही नाही.

१६ एप्रिल

पश्चिमेच्या भिंतीचं सिमेंट काढलं. मागचा जांभा ओलाच होता, चैत्रात. पांढरा लोणा, म्हणजे क्षार, फुललेला. महिनाभर तशीच उघडी ठेवली होती, ब्रशने लोणा झाडत. आता शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा. चुना-वाळू एकास दोन, हिरड्याचं आणि गुळाचं पाणी, बोटभर जाडीच्या दोन थरांत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतच पुन्हा दगड होतो, म्हणून घाई नाही. गोणपाट ओलं ठेवायचं.

खाली देवघरातही तेच. देव्हाऱ्यामागच्या फरश्या उठावदार, चकचकीत, मोर आणि कमळं. सुटलेल्या एकीच्या पाठीवर "मेड इन जपान". विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत जपानी कारखान्यांनी हिंदुस्थानासाठी अशा फरश्या भरपूर पाठवल्या. काकूंचा समज त्या विलायती असल्याचा होता. जपानच्या म्हटल्यावर त्यांना जास्तच आवडल्या.

समई, ताम्हन, झोपाळ्याच्या कड्या काकू चिंचेनेच घासणार. रोज वापरातल्या पितळेला रोजचा हात लागलेला चांगला. झुंबराची साखळी मात्र कोरड्या फडक्याने.

९ मे

तक्तपोशी पूर्ण मोकळी. सागवान मधाच्या रंगाचं निघालं.

मेस्त्री जेवायच्या सुट्टीत दिवाणखान्याच्या मधोमध उभे होते. म्हणाले, "ताई, आमचा आजा ह्या घराला मक्ता घालायचा. भात आणून खालच्या पडवीत ओतायचा. ही माडी त्यानं कधी बघितली नाही." घर खोतांचं, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या वतनदारांचं. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. त्याआधी १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात तिच्याविरुद्ध विधेयक मांडलं होतं. हा आरसा, ह्या खुर्च्या कुणाच्या भातातून आल्या ते या नोंदीत असायला हवं, म्हणून लिहिते. काकूंनी हे ऐकलं होतं. संध्याकाळी चहा माडीवर आला, आणि मेस्त्रींसाठी सातवी खुर्ची त्यांनी स्वतः पुढे ओढली.

२ जून

आरसा परत. जुन्याच दोन पितळी आकड्यांवर, माथा चार बोटं पुढे. पाठीला काही नाही, फक्त खाली पारा झेलायला काचेची अरुंद पन्हळ, ती वर्षातून एकदा तपासायची. कसं तपासायचं ते मोठ्या अक्षरात लिहून काकूंच्या कॅलेंडरमागे लावलंय.

पुतणे आले होते. धाकटे डागांकडे बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, हे डाग मला लहानपणापासून आठवतात, मी त्यांत हत्ती शोधायचो. पुन्हा मुलाम्याचा विषय निघाला नाही.

२४ जुलै

तपासणीची पहिली फेरी. तीन दिवस धो धो. ओटीवर ९३, माडीवर ८८. मुलगी सर थांबली की झडपा कलती करते, सर आली की मिटते. चुन्याची भिंत पावसाच्या बाजूने गडद दिसते, उघाडीला फिकी होते. म्हणजे पितेय आणि सोडतेय. काळे कागद कोरे. लोलक सगळे जागेवर. बुरशी एकाच ठिकाणी, टेबलाच्या पाठीमागे, भिंतीला टेकलं होतं तिथे. कोरड्या ब्रशने काढली आणि टेबल वीतभर पुढे घेतलं. दोन खुर्च्यांच्या पाठीवर पॉलिश किंचित धुरकट, ते हिवाळ्यात बघू.

खण पुन्हा अडकलाय. पुतण्यांचा फोन आला, मेस्त्रींना सांगून जरा रंधा मारून घ्यायचा का? नाही. रंधा मारला तर फेब्रुवारीत तो खळखळेल. मापांची मूळ वही काकूंनी मेमध्ये त्यातच ठेवली होती, ती आता आत आहे. ऑक्टोबरनंतर बघायचं.